बिदरची वाट

सोलापूरहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता नळदुर्ग आणि उमरगा ही गावे मागे टाकून कर्नाटकात शिरतो, तेव्हा प्रांत बदलल्याची खूण प्रवाशास पटते ती केवळ पाट्यांवरील अक्षरांच्या वळणावरून. जमीन तीच काळी, पिके तीच ज्वारी-तुरीची, माळही तसेच उघडे आणि वाऱ्याचे. गावच्या पारावर बसलेली मंडळी एक वाक्य मराठीत बोलतात, दुसरे कानडीत आणि तिसरे दखनी उर्दूत. आपण तीन भाषा बोललो हे त्यांच्या गावीही नसते. पुढे हुमनाबादेपाशी रस्त्याला दोन फाटे फुटतात. ईशान्येकडचा फाटा सुमारे ५० किलोमीटरवर बिदरला जातो, आणि नैर्ऋत्येकडचा सुमारे ६० किलोमीटरवर गुलबर्ग्यास पोहोचतो. या गुलबर्ग्याचे नाव २०१४ पासून सरकारी दप्तरी कलबुर्गी असे झाले आहे.

हा मुलूख सह्याद्रीसारखा कड्याकपारींचा नव्हे. बालाघाटाच्या रांगा पूर्वेकडे पसरत आणि झिजत येतात, त्यांचे हे शेवटचे उंचवटे होत. गुलबर्गा समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० फूट उंच आहे. बिदर सुमारे २,२०० फुटांवर, तांबड्या जांभ्या दगडाच्या पठाराच्या अगदी काठावर वसलेले आहे. दोहोंच्या मुलखांत कमलापुरी तांबड्या केळींचे मळे आहेत, चिंचोळीचे जंगल आहे आणि खोलगट ओढ्यांवरून वरखाली होणारे रस्ते आहेत.

या रस्त्यांवर अलीकडे एक नवा प्रवासी दिसू लागला आहे. पाऊस उघडला, की पाठीशी पडशी बांधून आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवून मोटारसायकलींचे तांडे इकडे वळतात. जुन्या माणसांनी जिला फटफटी म्हटले, त्या वाहनाचा एक गुण मान्य करावयास हवा. मोटारीच्या काचेआडून जे दिसत नाही ते तिच्यावरून दिसते. वारा अंगाला लागतो, कापलेल्या तुरीचा वास येतो, आणि मनात येईल तेथे पाय टेकून थांबता येते. पूर्वी घोडेस्वाराला जे सुख होते, त्याचे हे आजचे रूप म्हणावयास हरकत नाही. हे तरुण प्रवासी दोन दिवसांत दोन किल्ले पाहतात, छायाचित्रे घेतात आणि परततात. त्यात वावगे काही नाही. परंतु या वाटेवर दोन इतिहास शेजारी शेजारी नांदत आहेत. एक घोड्यावरून गेलेल्यांचा, आणि दुसरा पायी गेलेल्यांचा. पहिल्याचे दगड उरले आहेत, म्हणून तो चटकन दिसतो. दुसरा माणसांच्या तोंडी आणि पायांत उरला आहे, म्हणून तो शोधावा लागतो.

चार राजधान्या

आज सीमेवरचा म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश एके काळी कशाचीच सीमा नव्हता. तो मध्य होता. गुलबर्ग्याच्या आग्नेयेस कागिणा नदीच्या काठी मळखेड नावाचे गाव आहे. हेच राष्ट्रकूटांचे मान्यखेट. नवव्या शतकात येथे अमोघवर्ष राज्य करीत होता. त्याच्या दरबारात रचल्या गेलेल्या ‘कविराजमार्ग’ या ग्रंथात कन्नड देशाचा विस्तार कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलेला आहे. ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता हिरावून घेतली, आणि पुढे अकराव्या शतकात पहिल्या सोमेश्वराने राजधानी कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास हलविली.

या कल्याणीचे ऋण सबंध भारतावर आहे. सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने येथे याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या प्रश्नांत देशाच्या मोठ्या भागातील न्यायालये विसाव्या शतकापर्यंत तिचाच आधार घेत होती. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा जणू ज्ञानकोशच रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्याच ग्रंथात सापडते. मराठी ओवीची ही फार जुनी साक्ष कानडी राजाने, संस्कृत भाषेत आणि कल्याणीत बसून लिहून ठेवावी, यातच या भूमीचा स्वभाव दिसतो.

त्यानंतर दोन शतकांनी, १३४७ मध्ये, अल्लाउद्दीन हसन बहमनशहाने दिल्लीच्या सुलतानाचे जू झुगारून दिले आणि गुलबर्ग्यास आपली राजधानी केली. तेथील किल्ल्यातील जामा मशीद सुमारे २१६ फूट लांब आणि १७६ फूट रुंद आहे. मशिदीस असते तसे उघडे अंगण तिला नाही. सबंध इमारत घुमटांनी आणि कमानींनी झाकलेली आहे. पुढे १४३०च्या सुमारास अहमदशहा बहमनीने गुलबर्गा सोडून बिदर गाठले. विजयनगरच्या स्वाऱ्यांपासून थोडे अंतर, उंचावरची मोकळी हवा, बाराही महिने पाणी आणि बचावास सोयीचा पठाराचा काठ, ही कारणे इतिहासकार देतात. भावाकडून गादी मिळविताना घडलेल्या रक्तपाताची आठवण गुलबर्ग्यात त्यास नकोशी झाली असावी, असेही म्हणतात.

मळखेड, कल्याण, गुलबर्गा आणि बिदर. सात शतकांतील या चार राजधान्या मोटारसायकलीच्या दोन दिवसांच्या फेऱ्यात आरामात बसतात. मोठमोठ्या सत्तांनी पुन्हा पुन्हा याच तुकड्यावर तळ ठोकावा, हा योगायोग नव्हे. कोकणच्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून तेलंगणाकडे जाई तो या पठारावरून. उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस कृष्णा आणि मध्ये दुष्काळाचे एखादे साल सोडले तर भरपूर ज्वारी देणारी काळी जमीन. ज्याच्या हाती ही वाट, त्याच्या हाती दख्खन असा हिशेब होता. आणि त्या हिशेबातील सर्वांत महाग वस्तू होती घोडा.

घोडा विकावयास आलेला परदेशी

दख्खनच्या हवेत चांगला घोडा निपजत नाही, आणि घोडदळावाचून तर राज्य टिकत नाही. म्हणून बहमनी आणि विजयनगर या दोन्ही सत्ता अरबस्तान व इराण येथून समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांसाठी पाण्यासारखा पैसा ओतीत. बंदरांसाठी त्यांच्यांत ज्या लढाया झाल्या, त्यांच्या मुळाशी पुष्कळदा हाच घोडा होता. १४७०च्या आगेमागे एक रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. त्याचे नाव अफानासी निकितीन. तो व्होल्गा नदीवरील त्वेर या गावचा. अस्त्राखानजवळ लुटारूंनी त्याचे सर्व किडूकमिडूक लुटले होते. त्यात त्याच्या धर्माच्या पोथ्याही गेल्या. त्यामुळे परदेशात आपले सण नेमके केव्हा येतात हेच त्याला कळेनासे झाले, आणि त्याचे दुःख त्याच्या टिपणात पुनःपुन्हा उमटले आहे.

चौलहून घाट चढून तो जुन्नरास आला आणि पावसाळाभर तेथे अडकून पडला. जुन्नरचा सुभेदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा देतो, नाही तर दोन्ही घेतो, अशी अट घालून त्याने चार दिवसांची मुदत दिली. खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने मध्यस्थी केली, तेव्हा निकितीनचा घोडा परत मिळाला आणि धर्मही वाचला. नंतर तो महिनाभराचा प्रवास करून बिदरला पोहोचला. या देशात जितके कोस तितकी गावे आहेत, असे त्याने वाटेविषयी लिहून ठेवले आहे. इकडे घोड्यांना हरभरा देतात आणि साखर-तेल घालून शिजविलेली खिचडी चारतात, हेही त्याने मोठ्या नवलाने नोंदविले आहे. आजच्या स्वाराला आपल्या वाहनास पेट्रोल पाजताना जी तोशीस पडते, ती त्या काळी खिचडीपायी पडत असे, एवढाच काय तो फरक!

बिदरहून काही कोसांवर आळंद येथे शेख अल्लाउद्दीन या पिराच्या नावाने दहा दिवसांची जत्रा भरते, आणि तेथे वीस हजारांपर्यंत घोडे विकावयास येतात, असे निकितीन सांगतो. गुलबर्गा जिल्ह्यातील आजचे आळंद ते हेच. तेथील लाडले मशायक या नावाने प्रसिद्ध असलेल्या पिराचे मूळ नावही अल्लाउद्दीन असेच होते. जत्रेच्या हकीकतीतच निकितीन रात्री हिंडणाऱ्या एका पक्ष्याची गोष्ट सांगतो. तो ज्या घरावर बसून ओरडेल त्या घरात कोणीतरी मरते, असे लोक मानतात म्हणे. घुबडाविषयीची ही समजूत आपल्या खेड्यापाड्यांतून ऐकून ठाऊक असलेल्या वाचकास त्या परदेशी टिपणात एकदम ओळखीचा आवाज ऐकू येतो.

बिदरच्या दरबाराचे निकितीनने केलेले वर्णन डोळे दिपविणारे आहे. वाड्याला सात दरवाजे. दरवाजा-दरवाजावर शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद. सरदारांना चांदीच्या पालख्यांतून मिरविण्यात येई, पुढे सोन्याच्या सरंजामाचे घोडे चालत. पण त्याच पानावर हा साधा व्यापारी आणखी एक गोष्ट लिहून गेला आहे. या देशात माणसे फार आहेत, खेड्यांतील लोक अतिशय दरिद्री आहेत आणि उमराव मात्र ऐश्वर्यात लोळत आहेत, असा तिचा आशय आहे. दरबारी तवारिखा लिहिणाऱ्यांना ही गोष्ट दिसली नाही असे नव्हे. ती लिहिण्याचे त्यांना कारण नव्हते.

बिदरमध्ये अखेर घोडा विकला गेला. आपण मुसलमान नव्हे, हे निकितीनने तेथील हिंदूंना सांगितले तेव्हा त्यांनी त्याच्यापासून काही लपविले नाही. त्यांच्याबरोबर तो शिवरात्रीला श्रीशैलाच्या यात्रेसही जाऊन आला. त्याच्या रशियन टिपणात ईश्वराची नावे अरबी, फारसी आणि तुर्की भाषांतून येतात, आणि खरा धर्म कोणता हे ईश्वरालाच माहीत, अशा आशयाचे उद्गारही येतात. मायदेशी परतताना गावी पोहोचण्यापूर्वीच त्याचा अंत झाला. त्याची टिपणे १४७५ मध्ये मॉस्कोच्या दरबारी कारकुनाच्या हाती पडली आणि पुढे तीनशेहून अधिक वर्षे मठांच्या दप्तरांत पडून राहिली. १९५७ मध्ये भारत आणि सोव्हिएट रशिया यांनी मिळून काढलेल्या ‘परदेसी’ या चित्रपटाने त्याचे नाव येथील लोकांना परिचित केले.

व्यापाऱ्यांचा राजा

निकितीन बिदरला आला तेव्हा तेथील कारभार ज्याच्या हाती होता, त्यास तो मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, या किताबानेच ओळखतो. हा महमूद गावान. इराणातील गिलान प्रांताचा हा माणूस १४५३ मध्ये व्यापारासाठी दाभोळ बंदरात उतरला. साधुपुरुषांच्या दर्शनासाठी म्हणून बिदरला आला, आणि तेरा वर्षांत राज्याचा वझीर झाला. १४७२ मध्ये त्याने गोवा जिंकून विजयनगरच्या घोड्यांची एक मोठी वाट बंद केली. त्याच वर्षी बिदरमध्ये त्याची तीन मजली मदरसा पुरी झाली. तिच्या दर्शनी भागावरील निळ्या-हिरव्या फरशांचे काही तुकडे आणि एक मनोरा आजही उभा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे साठविलेल्या दारूचा स्फोट होऊन उरलेला भाग कोसळला.

गावानने चार सुभ्यांचे आठ सुभे केले, आणि सुभेदाराच्या ताब्यात एकाहून अधिक किल्ला राहू नये असा नियम घातला. ज्यांचे किल्ले गेले त्यांनी त्याच्या शिक्क्याचे खोटे पत्र तयार केले. ओरिसाच्या राजास त्याने स्वारीचे आमंत्रण दिले आहे, असे त्यात लिहिले होते. सुलतानाने शहानिशा केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी त्या वृद्ध वझिराचा शिरच्छेद झाला. वर्षभरात सुलतानही मरण पावला, आणि थोड्याच काळात राज्याचे पाच तुकडे झाले. बिदरच्या बाहेर एका साध्या उघड्या चौथऱ्यावर गावानची कबर आहे. घुमट नाही, नक्षी नाही. किल्ल्यातील रंगीन महालाच्या शिंपल्यांचे जडावकाम पाहून आलेल्या प्रवाशाने या चौथऱ्यापाशी दोन क्षण थांबावे. त्या राज्याचे सारे गणित त्याला तेथे अधिक स्पष्ट वाचावयास मिळेल.

पायवाटेचा इतिहास

घोड्यांचा इतिहास येथे संपतो. आता पायांचा.

बिदरच्या पूर्वेस दोन मैलांवर अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरींची रांग आहे. त्यांतील राजधानी हलविणाऱ्या अहमदशहाची कबर आतून सोनेरी, शेंदरी आणि निळ्या रंगांनी चितारलेली आहे. या सुलतानास ‘वली’, म्हणजे संत, म्हणत. फिरिश्ता या इतिहासकाराने त्याचे कारण दिले आहे. त्याच्या राज्यारोहणानंतर पाऊस पडेना, तेव्हा सुलतान स्वतः टेकडीवर जाऊन प्रार्थनेस बसला आणि पाऊस आला. तेव्हापासून लोक त्यास वली म्हणू लागले.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. बसवकल्याणच्या परिसरातील कानडी जनता या सुलतानास अल्लमप्रभू मानते. अल्लमप्रभू हे बाराव्या शतकातील शरण. कल्याणात बसवेश्वरांनी स्थापिलेल्या अनुभवमंटपाचे अध्यक्षपद परंपरेने त्यांच्याकडे होते. म्हणजे सुलतानाहून ते अडीच शतकांनी जुने. कालगणनेच्या दृष्टीने हा मेळ बसत नाही. पण लोकांनी तो बसविला. होळीनंतरच्या दिवसांत अष्टूरला उरूस भरतो, तेव्हा गुलबर्गा भागातील माड्याळ या गावचे लिंगायत जंगम आपल्या शिष्यांसह पायी चालत तेथे येतात. अंगावर मुसलमानी धाटणीचा पोशाख असतो. कबरीपाशी शंख वाजतो, नारळ फुटतो. निजामाच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिदरवरील आपल्या ग्रंथात या प्रथेचे वर्णन केले आहे. अहमदशहाने राजधानी ज्या दिशेने नेली, नेमक्या त्याच दिशेने हा जंगम चालतो. सुलतानाची फौज एकदा गेली. जंगमाची दिंडी वर्षानुवर्षे जात राहिली.

दुसरी गोष्ट उलट दिशेची. गुलबर्ग्याच्या नैर्ऋत्येस भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर गाणगापूर आहे. दत्तसंप्रदायाचे हे क्षेत्र महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे, ते ‘गुरुचरित्रा’मुळे. त्या ग्रंथात बिदरच्या एका सुलतानाची कथा आहे. मांडीवरील असाध्य फोडाने तो बेजार होतो, बिदरजवळच्या पापविनाशी तीर्थावर जातो आणि तेथून वाट पुसत गाणगापुरी येतो. नृसिंह सरस्वती त्यास परीट म्हणूनच हाक मारतात. मागच्या जन्मी तो कुरवपूरचा परीट होता, आणि स्वामींच्या पूर्वावताराची सेवा करून राज्याची इच्छा धरून मेला होता. ती हाक कानी पडताच सुलतानास सारे आठवते आणि व्याधीही निवते.

तिसरी गोष्ट मराठी मुलास सांगावयाची गरज नाही. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे अंमलदार. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी १४६०च्या सुमारास घातलेला दुष्काळ दामाजीपंतांच्याच नावाने ओळखला जातो. लोक अन्नावाचून मरू लागले, तेव्हा पंतांनी सरकारी कोठारे लुटविली. त्यांना धरून न्यावयास शिपाई निघाले. इकडे बिदरच्या दरबारात खांद्यावर घोंगडी आणि हाती काठी घेतलेला विठू महार उभा राहिला, धान्याची किंमत मोजून त्याने रीतसर पावती घेतली, आणि ती पंतांच्या पोथीत ठेवून तो नाहीसा झाला. महिपतीने १७६२ मध्ये ‘भक्तविजया’त ही कथा गुंफली आणि ती कीर्तनांतून गावोगाव पोहोचली.

या तीन गोष्टी एकापुढे एक ठेवल्या, की त्यांतील साम्य डोळ्यांत भरते. एक लिंगायतांची आणि मुसलमानांची, दुसरी दत्तभक्तांची, तिसरी वारकऱ्यांची. एक कानडी मुलखातून चालत आली, दुसऱ्या दोन मराठी पोथ्यांतून. तिन्ही गोष्टींत बिदरचा सुलतान आहे. पण एकीतही त्याच्या लढाया नाहीत, जिंकलेली बंदरे नाहीत, घोडे नाहीत. आहे तो न पडलेला पाऊस, शरीराची व्याधी आणि रिकामे कोठार. आणि प्रत्येक गोष्टीत तो सिंहासनावरून खाली उतरतो. कोठे प्रार्थनेस बसतो, कोठे पूर्वजन्मीचा परीट ठरतो, कोठे एका महाराने दिलेल्या पैशांची पावती लिहून देतो. ज्यांना निकितीनने दरिद्री म्हणून पाहिले, त्यांनी राजसत्तेविषयी दिलेला हा निकाल आहे. राजाची थोरवी त्यांनी पाऊस आणि धान्य या मापांनी मोजली, आणि कर्ज मात्र नेहमी राजाच्याच नावे लिहिले.

या निकालाची मर्यादाही सांगितली पाहिजे. परमेश्वराने महाराचे रूप घेतले हे कीर्तनात ऐकून माना डोलावणाऱ्या समाजाने महारास मात्र वेशीबाहेरच ठेवले. परंपरा सांगते, की त्याच मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना कोसळलेल्या भिंतीखाली संत चोखामेळा सापडले. कल्याणातही तेच घडले होते. हरळय्या चांभाराचा मुलगा आणि मधुवरस ब्राह्मणाची मुलगी यांचा विवाह शरणांनी लावून दिला, तेव्हा बिज्जल राजाने त्या दोन्ही बापांना क्रूरपणे ठार मारविले. ११६७-६८च्या त्या उलथापालथीत शरण दाही दिशांस पांगले, बसवेश्वर कूडलसंगमाकडे गेले, खुद्द बिज्जलाचाही शेवट झाला, आणि कल्याणीस पूर्वीचे वैभव पुन्हा आले नाही. म्हणून लोककथा म्हणजे घडलेला न्याय नव्हे. ती न मिळालेल्या न्यायाची नोंद असते. पण नोंद राहिली, म्हणजे मागणीही राहते. दप्तर जळाले तरी ती जळत नाही.

वाहन आणि वाट

या वाटेवरचा लोकांचा कारभार पुढेही असाच चालत राहिला. बसवकल्याणजवळच्या लाडवंतीत १८१७ मध्ये जन्मलेल्या माणिकप्रभूंनी हुमनाबादेजवळ आपले स्थान वसविले आणि सर्व मतांचा आदर करणारा सकलमत संप्रदाय स्थापन केला. मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी अशा तिन्ही भाषांतून त्यांनी पदे रचली. १८६५ मध्ये त्यांनी समाधी घेतली. मोटारसायकलस्वारांचे तांडे जेथे बिदरकडे की गुलबर्ग्याकडे असा विचार करीत चहाला थांबतात, तेथून माणिकनगर हाकेच्या अंतरावर आहे.

१९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत जुना बिदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, औराद आणि हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. राज्यकारभारास रेघा लागतात, आणि त्या कोठे ओढाव्यात याविषयी लोकांची मने दुखावतात, हेही खरे. परंतु सोयरिकी, बाजार आणि जत्रा यांनी जुनी वाट सोडली नाही. बिदर-गुलबर्गा असा थेट लोहमार्ग तर २०१७ मध्ये सुरू झाला. अहमदशहाने राजधानी हलविल्यावर जवळजवळ सहाशे वर्षांनी!

या मुलखात मोटारसायकलीवरून हिंडणाऱ्या तरुणांनी किल्ले अवश्य पाहावेत. जांभा खोदून काढलेला बिदरचा तिहेरी खंदक पाहावा. नौबादेच्या भुयारी पाटांत उतरावे. झिरपणाऱ्या जांभ्यातून खाली उतरलेले पाणी काळ्या पाषाणाच्या थरावर अडते, हे ओळखून त्या काळच्या कारागिरांनी ते डोंगराच्या पोटातून शहराकडे वाहते केले होते. बिदरी कामाच्या पेठेत जाऊन जस्त-तांब्याच्या मिश्र धातूवर चांदीची तार बसते कशी, तेही पाहावे. पण त्याबरोबर अष्टूरच्या रंगीत घुमटाखाली, पापनाशीच्या कुंडाशी, आळंदच्या दर्ग्यात आणि गाणगापूरच्या संगमावरही वाहन थांबवावे, आणि तेथील वृद्धांना बोलते करावे. किल्ला बांधणाऱ्याचे नाव शिलालेख सांगतो. त्या किल्ल्याचा धनी लोकांच्या हिशेबी खरा ठरला की खोटा, ते मात्र या म्हाताऱ्यांनाच विचारावे लागते. आणि त्यांची भाषा तिन्हींपैकी कोणतीही असली, तरी बिदरच्या वाटेवर ती समजावयास अडचण पडत नाही.